ऐंशीला वाजणारं घुंगरू

परवा सुपं गाव सोडून नगरकडे येताना माझ्या गाडीचं स्टेअरिंग थरथरायला लागलं आणि मी खूश झालो.

गाडी साधी, घरगुती, सीटखाली कायम दोनचार कांदे गडगडत असणारी. अशी गाडी थरथरली की शहाणा माणूस वेग कमी करतो, कपाळाला आठ्या घालतो आणि गॅरेजवाल्याला फोन लावतो. मी गाडी कडेला घेतली आणि बायकोला फोन लावला.

"थरथरतंय," मी म्हणालो.

"काय थरथरतंय?"

"स्टेअरिंग. बरोबर ऐंशीला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "म्हणजे हुरडा खाऊन आलात. आणि मला न सांगता."

माझी बायको हुशार आहे. बाकीच्यांना हुरड्याची चाहूल थंडीनं लागते, शेकोटीच्या वासानं लागते, ज्वारीच्या ताटांवर बसलेल्या पाखरांच्या गलक्यानं लागते. आमच्या घरी ती स्टेअरिंगमधून लागते. असं का, ते सांगायचं तर आत्याला बोलवावं लागेल. आणि आत्या आली की ती पिवळी गाडी घेऊनच येणार, तेव्हा जरा बाजूला सरकून उभे राहा.

शकुआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पारनेरच्या मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, गिरणीतून दळण आणायचं राहून जावं तसं. ती निवृत्त झाली तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं की आता ही तीर्थयात्रेला निघेल. आत्या निघाली, पण पुण्याला; आणि येताना कुणा कारखानदाराच्या मुलाला नकोशी झालेली एक जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आली.

दोन दारं, दोनच सीटा, वरचं छप्पर कापडाचं, दुमडून मागे टाकता येणारं. रंग हळदीचा. आणि उंची इतकी कमी, की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसायचं. समोर ताटाऐवजी स्टेअरिंग. ती पारनेरच्या पेठेतून पहिल्यांदा गेली तेव्हा हातात तराजू धरलेले लोक तसेच दुकानाच्या पायरीवर आले. कुणीतरी तिला बेडकी म्हणालं आणि तेच नाव पडलं. आत्याला राग आला नाही. ती म्हणाली, "बेडकी उभयचर असते. आपल्या रस्त्यांवर तसंच काहीतरी पाहिजे."

आमचं शेत पारनेरच्या पुढे, ओढ्याच्या अंगाला. दगडूतात्या ते वाट्यानं करायचे, अजूनही करतात. आत्या बेडकी घेऊन प्रथम शेतावर गेली त्या वर्षी तात्यांनी शेवटचा बैल विकला होता. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप दिली, झोपडीत गेले आणि बैलाच्या गळ्यातल्या माळेतलं एक पितळी घुंगरू घेऊन आले.

"शकूताई, जनावर दारात आलं आन् गळा मोकळा? बरं दिसत न्हाई."

बेडकीला गळा कुठला? घुंगरू किल्लीच्या कडीत अडकवलं. किल्ली स्टेअरिंगच्या बुडाशी लागायची, तिथे ते लोंबकळत राहायचं. खड्ड्यात, गतिरोधकावर वाजायचं, ते सगळ्यांचंच वाजतं. पण एका वर्षी, हुरडा नुकताच भरायला लागला होता, तेव्हा ते सपाट रस्त्यावरही वाजायला लागलं.

नगर-पुणे रस्त्यावर जिथून सुप्याच्या पवनचक्क्या दिसायला लागतात तो पट्टा आत्याचा लाडका. तिथे ती बेडकीला मोकळी सोडायची. साठला काही नाही. सत्तरला काही नाही. पंचाहत्तरच्या पुढे स्टेअरिंगमध्ये मुंग्या आल्यासारखं व्हायचं, ऐंशीला दोन्ही मनगटं हलायची आणि घुंगरू सलग वाजत सुटायचं, देवळात कुणी घाईत आरती उरकावी तसं. शंभरच्या आसपास पुन्हा सगळं शांत. पण शंभरावर कायमचं राहता येत नाही, हे आत्यालाही मान्य होतं.

त्याच सुमारास तिला दुसरी गोष्ट दिसली. पुढचा डावा टायर बाहेरून नवा होता आणि आतल्या कडेला पार टक्कल पडलेला. टायर तपासायची आत्याची पद्धत अशी: चाकासमोर उकिडवं बसायचं, डोळे मिटायचे आणि टायरवरून तळहात आधी आतून बाहेर फिरवायचा, मग बाहेरून आत. एकीकडे हात गुळगुळीत जायचा, दुसरीकडे रबराच्या कडा किसणीसारख्या अडायच्या. "चाक सरळ पळत नाहीये, फरपटतंय," ती म्हणायची. रस्त्यानं जाणाऱ्यांना मात्र एवढंच दिसायचं, की शाळेतल्या निवृत्त बाई डोळे मिटून टायरला कुरवाळतायत.

आपल्याकडे याला एक छान शब्द आहे. गाडी टायर खाते. आत्यानं तो शब्द आगटीशी बसून तात्यांना ऐकवला. आगटी म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली, आणि आम्ही भोवती.

"खाती म्हणं टायर," तात्या निखारे सारत म्हणाले. "खाऊ द्या की. खानारं जनावर जगतं. माझ्या बैलानं खायाचं सोडलं तवा मला घोर लागला हुता."

"तात्या, एका बाजूनंच खाते."

"मग दात दुकत आसंल दुसऱ्या बाजूचा."

मी इतका हसलो की तोंडातला हुरडा आगटीत गेला. त्या हसण्याला अजून जवसाच्या चटणीचा वास आहे. आता हुरडा पाकिटात मिळतो, शहरात, फ्रीजमधून काढलेला, हिरवागार. मी एकदा आणला होता. त्याला धूर नाही, राख नाही, हाताला चटका नाही. कणीस भाजून निघालं की ते तळहातांत चोळायचं, फुंकर मारून फोलकट उडवायचं, हे जर केलं नाही तर तो हुरडा नसून नुसते ज्वारीचे कोवळे दाणे. हात भाजले पाहिजेत, हात काळे झाले पाहिजेत. त्या वर्षी मी हातांकडे फार बघायला लागलो होतो.

कारण अण्णा.

अण्णा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले आणि आमच्याकडे नगरला राहणारे. शहराच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, अण्णा नगरच म्हणतात, आणि कुणी दुरुस्त केलं तर "अर्ज करा" म्हणतात. बेडकीत ते कधी बसले नव्हते. "माझ्या गुडघ्यांना तेवढं खाली जायची परवानगी नाही," असं कारण. एकदा आत्या आमच्याकडे राहायला आली होती. सकाळी दोघं भाऊबहीण समोरासमोर खुर्च्यांत पेपर वाचत बसलेली. मी चहा घेऊन गेलो, तर अण्णांचा पेपर खाली होता आणि ते आत्याच्या पेपरकडे बघत होते. त्या पेपराचा कोपरा वाजत होता. बारीक, सलग. पंखा बंद होता.

"शके," अण्णा म्हणाले, "गाडीची किल्ली विल्याकडे दे."

"का?"

"तुझे हात थरथरतात."

"स्टेअरिंग थरथरतं. महिनाभर धरून धरून हातांना सवय लागली असेल. विल्याला विचार, त्यानंही चालवलीय."

मी मान डोलावली. खरंच थरथरायचं स्टेअरिंग, माझ्याही हातात.

"गाडी थरथरत असेल, नाही कोण म्हणतं," अण्णा म्हणाले. "पण या पेपरला कुठली चाकं आहेत?"

कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाशी वाद घालू नये. आत्यानं पेपराची घडी केली. तिच्या चेहऱ्यावर ते वर्गातलं हसू आलं, फळ्याकडे वळण्याआधीचं. "ठीक आहे. दोन वस्तू एकत्र हलत असतील तर आधी एक थांबवायची. संक्रांतीपर्यंत मी गाडी गप्प करते. मग माझे हात बघ. तरीही थरथरले तर तिळगूळ घेताना किल्लीपण घे."

"आणि नाही थरथरले तर?"

"तर तू बेडकीत बसायचं. गुडघ्यांना परवानगी काढून."

असा तो हंगाम सुरू झाला. मी कुणाच्या बाजूचा, हे विचारू नका. गाडीत दोन सीटा होत्या आणि दुसरी माझी होती.

केडगावला हमरस्त्याला लागून सोनूशेठचं दुकान आहे. चाकांची सगळी कामं. शनिवारी दुपारी बेडकी तिथे लिफ्टवर चढायची आणि हळदी रंगाच्या पोटाखाली उभे राहून सोनूशेठ आम्हाला मोठ्या स्क्रीनवर आकडे दाखवायचे. माणूस हौशी. आकडा सांगताना आवाज असा चढवायचे, जणू लॉटरी लागली.

"हे बघा मॅडम. सगळं हिरवं हाय."

"हिरवं म्हणजे?"

"हिरवं म्हंजे पास."

"सोनूशेठ, मी जन्मभर पेपर तपासले. पास झालेल्या मुलीला उत्तर येतंच असं नाही."

"तुमच्या हाताखाली शिकलो असतो मॅडम, तर कुठल्या कुठं गेलो असतो."

"मुलींची शाळा होती."

मग प्रत्येक चाक यंत्रावर गरागरा फिरायचं, सोनूशेठ रिमला शिशाचे छोटे तुकडे चिकटवायचे, चाकाचा तोल साधायचा. आम्ही निघायचो, ऐंशीला जायचो, आणि घुंगरू गप्प. आत्या छप्पर मागे टाकायची. थंडीनं कान दुखायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आम्ही गाणी म्हणायचो. एवढं यश पदरात पडल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं? साजरं करायचं. रविवारी सकाळी बेडकी घेऊन थेट शेतावर, आगटीशी.

आणि सोमवारी घुंगरू वाजायला लागायचं.

पुन्हा शनिवार, पुन्हा सगळं हिरवं, पुन्हा गाणी, पुन्हा हुरडा, पुन्हा सोमवार. सोनूशेठ वैतागले. त्यांनी एकदा दबक्या आवाजात मला बाजूला घेऊन विचारलंही, "मॅडमचे हात..." मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

एका शनिवारी आत्यानं पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे बसवून घेतली. सोनूशेठना आणि मला कळेना कशासाठी. सोमवारी कळलं. ऐंशीला स्टेअरिंग शांत आणि सीट थरथरायला लागली. आत्याला हर्ष झाला. चाकाबरोबर दोष मागे गेला होता, म्हणजे दोष चाकातच होता. तिनं भर वेगात मला विचारलं, "कुठे जाणवतंय?"

"सांगण्यासारखी जागा नाही."

"सांग. प्रयोग आहे."

"बुडाखाली."

"शाब्बास," आत्या म्हणाली. "आता अण्णाला जाऊन सांग, की हिच्या हाताचा आजार सीटखाली गेला."

सांगितलं. अण्णा म्हणाले, "मी गाडीबद्दल बोलतच नाहीये." आणि पेपर वर धरला.

तेव्हापासून मला एक भीती वाटायला लागली. मी तिला नाव दिलं नव्हतं, आता देतो. गाडी बिघडलेली होती तोवर आत्या ठणठणीत होती. कप बशीवर किणकिणला, की बेडकी. चष्मा पुसताना पदर हलला, की बेडकी. आगटीशी बसल्यावर तर प्रश्नच नव्हता, हुरडा चोळताना सगळ्यांचेच हात हलतात. तिथे ती सगळ्यांच्यात एक होती, काळ्या बोटांची, भराभर चोळणारी, फुंकर मारून फोलकट माझ्या तोंडावर उडवणारी. पण चोळून झालं, दाणे वाटून झाले, आणि हात मांडीवर येऊन टेकले की मी आगटीतल्या निखाऱ्यांकडे, पाखरांकडे, तात्यांच्या कुत्र्याकडे बघायचो. हात सोडून सगळीकडे. सोनूशेठना दोष सापडू नये असं मला वाटायला लागलं होतं. आत्याला तो सापडल्याशिवाय चैन नव्हती. तिला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. तरी ती दर शनिवारी पदर खोचून लिफ्टखाली उभी राहायची.

संक्रांत जवळ आली. मधल्या एका रविवारी तात्यांच्या लेकीची सुपारी फुटायची होती, त्यामुळे शेतावर कुणीच नव्हतं आणि हुरडा बुडाला. आम्ही तो दिवस पारनेरला आत्याच्या ओट्यावर बोरं खात काढला. सोमवारी सकाळी ती मला नगरला सोडायला निघाली. सुपं गेलं. ऐंशी झाले. घुंगरू गप्प.

आत्या आनंदण्याऐवजी अस्वस्थ झाली. "विल्या, या आठवड्यात आपण वेगळं काय केलं?"

"काहीच नाही."

"नीट आठव. काय केलं नाही?"

"हुरडा खाल्ला नाही."

बोलून मी हसायला लागलो. हुरडा खाल्ल्यानं स्टेअरिंग थरथरतं, असं विज्ञानात कुठे लिहिलेलं नाही. आत्या हसली नाही. तिनं गाडी रस्त्याच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली घेतली, डिकीतलं पोतं काढलं, अंथरलं आणि त्यावर आडवी झाली. डावा हात खांद्यापर्यंत चाकाच्या आतल्या बाजूला गेला. थोडा वेळ ती चाचपडत राहिली. मग खाड असा आवाज झाला आणि हात बाहेर आला.

हातात मातीचं ढेकूळ होतं. काळं, वाळून वीट झालेलं, रिमच्या आतल्या गोलाईचा बाक घेतलेलं. त्यात ज्वारीचं एक पान चिणल्यासारखं बसलं होतं.

आता सांगतो ते कुणाही शहाण्या माणसाच्या आधीच लक्षात आलं असतं. शेताच्या वाटेत पाण्याची एक चारी आडवी जाते. तात्या कांद्याला पाणी सोडायचे तेव्हा ती भरून वाटेवर यायची आणि तिथे काळ्या मातीचा गुडघाभर राडा व्हायचा. बेडकी त्यातून बेडकीसारखीच जायची. चिखल रिमच्या आत जाऊन बसायचा. रविवारी संध्याकाळी आत्या चाकं बाहेरून आरशासारखी चकचकीत धुवायची, त्यामुळे आत कुणी बघायचंच नाही. आत तो वाळायचा, कडक व्हायचा, लोखंडाच्या रंगात मिसळून जायचा. शनिवारी सोनूशेठ मातीसकट चाकाचा तोल अचूक साधायचे. आणि त्याचा आनंद साजरा करायला आम्ही पुन्हा त्याच चिखलातून जायचो. जुनी माती थोडी भिजून पडायची, नवी दुसरीकडे बसायची, तोल गेला. दुरुस्ती झाली म्हणून हुरडा, आणि हुरड्यानं दुरुस्ती गेली. स्पोर्ट्स कार घेऊन हुरडा खायला जाणारं आमच्याशिवाय कुणी नसल्यामुळे हा दोष जगात दुसऱ्या कुणाला आला नसावा.

ढेकूळ निघालं, त्याला तोलणारं शिसं चाकावर तसंच राहिलं, आणि गाडी ऐंशीला अशी हादरली की घुंगरू तुटून पडेल असं वाटलं. आत्याला टाळी वाजवायची होती, पण हात मोकळे नव्हते.

आम्ही तसेच सोनूशेठकडे गेलो. त्यांनी चारही चाकांतून निघालेली माती बघितली आणि डोक्याला हात लावला. चाकं धुतली, पुन्हा तोल साधला. आत्याचं एवढ्यानं समाधान होईना. "मातीनं थरथर होईल. एका बाजूनं टायर कोण खातं?" तिनं लिफ्टवर अधांतरी असलेलं डावं चाक दोन्ही बाजूंनी धरलं आणि डावीउजवीकडे गदागदा हलवलं. आतून टक् असा आवाज आला. पुन्हा हलवलं. टक्. चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक गोळा असतो, तो झिजून सैल झाला होता. गाडी उभी असताना चाक सरळ दिसायचं, स्क्रीन हिरवा व्हायचा. पळायला लागली की ते बाहेर फाकायचं आणि आतली कड रस्त्यावर घासत जायची.

"म्हंजे उभी असली की गुणी," सोनूशेठ म्हणाले, "आन् चालायला लागली की वांड."

 आत्या चाकाच्या कडेवर ठेवलेल्या स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

गोळा बदलून, नवा टायर घालून गाडी मिळाली तो भोगीचा दिवस होता. घरोघरी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या चाललेल्या, आणि आम्ही दोघं उपाशी, सुप्याच्या रस्त्यावर. छप्पर मागे. दोन्ही बाजूंना ज्वारी आता हिरव्यातून पिवळसर होत आलेली. साठ. सत्तर. आम्ही दोघंही रस्ता सोडून किल्लीकडे बघत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. ऐंशी. घुंगरू सरळ लोंबत होतं, नव्या नवरीसारखं खाली मान घालून. नव्वद. पुन्हा ऐंशी. काही नाही. इतका नितळ रस्ता मी जन्मात अनुभवला नाही.

आत्यानं पवनचक्क्यांच्या पायथ्याशी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. किल्ली काढून मांडीवर घेतली आणि सीटला मान टेकली. वर ती मोठी पाती हवा कापत फिरत होती. एक उसाची ट्रॉली कण्हत गेली. ती लांब गेली आणि सगळं शांत झालं तेव्हा घुंगरू वाजायला लागलं.

बारीक, सलग.

आत्यानं मान उचलली नाही. "इंजिन बंद आहे ना, विल्या?"

"हो."

"मग हे माझं."

पात्यांची सावली आमच्यावरून जात राहिली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर तिनं दुसरा हात वर केला. तो शांत होता. "बरं झालं," ती म्हणाली. "दोन्ही दोष सापडले. एकात एक मिसळले होते, म्हणून कळत नव्हतं." मग घुंगरू मुठीत गच्च धरून ते गप्प केलं, आणि म्हणाली, "चल, भाकरी गार होईल."

संक्रांतीला संध्याकाळी ती आमच्याकडे आली. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. आत्यानं ताटलीत तिळगुळाची वाटी ठेवली होती आणि वाटीशेजारी ते मातीचं ढेकूळ, ज्वारीच्या पानासकट. माझ्या बायकोला वाटलं संक्रांतीची काही नवीन प्रथा आहे.

"हे काय?" अण्णा.

"ही गाडीची थरथर," आत्या म्हणाली. "हरलास तू."

अण्णांनी ढेकूळ हातात घेऊन उलटंपालटं केलं, वासही घेतला. ते काही बोलायच्या आत आत्यानं किल्ली काढली आणि हात लांब करून त्यांच्यापुढे धरली. हात आधी स्थिर होता. अण्णा किल्ली घेईनात. ती धरूनच राहिली. थोड्या वेळानं घुंगरू वाजायला लागलं.

"आणि ही माझी," ती म्हणाली. "हरले मी."

  अण्णांनी ढेकूळ ताटलीत ठेवलं. तिळगुळाचा लाडू उचलला, अर्धा मोडला, अर्धा तिच्या हातावर ठेवला आणि बोटं त्यावर मिटवली, किल्लीसकट.

"रविवारी मला हुरड्याला कोण नेणार?" ते म्हणाले. "पैज मी अर्धी हरलोय. बसावं लागेल."

"विल्या नेईल."

"विल्या नको. शेताच्या वाटेवर वीसच्या पुढे कोण जातंय? तू ने. मग दे किल्ली."

त्या रविवारी मी पारनेरला आत्याच्या फाटकात उभा होतो. अण्णांना गाडीत घालायला मला आणि शेजाऱ्यांना मिळून बराच वेळ लागला. एकदा खाली गेल्यावर ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "शके, पाटावर बसल्यासारखं वाटतंय." ती म्हणाली, "वाढू का?" आणि दोघं म्हातारी बहीणभाऊ शाळेतून पळाल्यासारखी हसत, हळदीच्या गाडीतून, चालत्या माणसाच्या वेगानं निघून गेली. दोनच सीटा होत्या. मी फाटकाशी राहिलो. घुंगराचा आवाज ओढ्याच्या वळणापर्यंत येत होता. गाडी आता पुरी नीट झालेली होती, आणि माझी जागा गेलेली होती.

मला आठवतो तो हंगाम हा. लोक पावसाळे आठवतात, परीक्षा आठवतात. मला तो एकच हिवाळा हवा असतो, ज्यात काय बिघडलंय ते नक्की कळलेलं नव्हतं. शनिवार, सगळं हिरवं. रविवार, आगटी. सोमवार, घुंगरू. दोष सापडेपर्यंतचं ते सुख असं होतं की ते चालू असताना मला ती कटकट वाटायची.

नंतर डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात कामाला लागलेला हात शांत राहतो आणि टेकवलेला हात हलतो. "म्हणजे रिकामं बसायचं नाही, एवढंच ना," आत्या म्हणाली, आणि आमच्याकडे राहायला आल्यावर तिनं घरातले सगळे लसूण सोलले, सगळी वाल-पावट्याची टरफलं काढली, शेजाऱ्यांचीही. बेडकी संगमनेरच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नेली. सकाळी भाऊबहीण समोरासमोर पेपर वाचायची. तिचा पेपर वाजायचा. अण्णा मग आपला पेपर उगाच फडफडवायचे, पानं उलटायचे, घड्या मोडायचे. तिचा एकटीचा वाजू नये म्हणून. 

आत्या जाऊन आता दोन हिवाळे झाले. अण्णांचा पेपर अलीकडे अगदी शांत असतो.

घुंगरू माझ्याकडे आहे, या साध्या गाडीच्या किल्लीला. चारीवर आता सिमेंटची मोरी झाली आहे, गाड्या वरून कोरड्या जातात. परवा मीही गेलो असतो. पण तात्यांनी कांद्याला पाणी सोडलं होतं, जुन्या वाटेवर तो काळा राडा चमकत होता, आणि मी मोरीच्या अलीकडून गाडी खाली घातली. चाकं फिरली, चिखल उडाला, गाडी कशीबशी पलीकडे निघाली. तात्या आगटीजवळून ओरडले, "इलास, मोरी काय शोभेला बांधलीय व्हय?"

मी आगटीशी जाऊन बसलो. पोटभर हुरडा खाल्ला, हात भाजले, हात काळे केले. उठताना तात्या चाकाकडे बघत म्हणाले, "धू की जरा पाइपानं." म्हटलं, राहू द्या.

तर बायकोचा फोन ठेवून मी पुन्हा रस्त्याला लागलो. पुढे केडगावला सोनूशेठचं दुकान आहे. ते चाक उघडतील, हसतील, माती काढतील. पाच मिनिटांचं काम. उद्या जाईन. संध्याकाळ होत आली होती, मागे पवनचक्क्या उरल्या होत्या, शेजारची सीट रिकामी होती. साठला काही नाही. सत्तरला काही नाही. पंचाहत्तरच्या पुढे स्टेअरिंगला मुंग्या आल्या, घुंगरू वाजायला लागलं. मी काटा ऐंशीवर आणला आणि तिथेच धरला. माझे दोन्ही हात आत्याचे झाले.